व्यावसायिक हितसंबंध आणि संघांची प्रेरणा : युरोपीय रग्बीच्या संदर्भात महाराष्ट्रातील कबड्डीचा विचार

प्रस्तावना

आर्थिक उदारीकरणानंतरच्या तीन दशकांत भारतातील क्रीडाक्षेत्राचे स्वरूप झपाट्याने पालटले. दूरचित्रवाणी, जाहिरात आणि खासगी भांडवल यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या स्पर्धांनी खेळाडूला पूर्वी न मिळालेले उत्पन्न दिले, प्रेक्षकाला नवे आकर्षण दिले आणि क्रीडासंघटनांना नवे भागीदार दिले. या बदलाची चर्चा बहुधा दोन टोकांवरून होते. एक पक्ष पैशामुळे खेळ तरला असे म्हणतो, तर दुसरा पक्ष पैशामुळे खेळ बुडाला असे म्हणतो. या दोहोंत एक मूलभूत प्रश्न बाजूला पडतो. एखादा संघ एखाद्या स्पर्धेत जीव ओतून का खेळतो आणि तोच संघ दुसऱ्या स्पर्धेत दुय्यम खेळाडू उतरवून वेळ का मारून नेतो, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न युरोपातील रग्बी युनियनमध्ये १९९५ पासून वारंवार उपस्थित झाला असून तेथे त्यावरून बहिष्कार, न्यायालयाबाहेरील तडजोडी आणि नव्या संस्थांची स्थापना इथपर्यंत मजल गेली. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण कबड्डीत सापडते. प्रस्तुत लेखात युरोपीय रग्बीतील अनुभवाच्या प्रकाशात महाराष्ट्रातील कबड्डी मंडळे आणि २०१४ मध्ये सुरू झालेली प्रो कबड्डी लीग यांच्या संबंधाचे विवेचन केले आहे.

युरोपीय रग्बीतील तंटा

पंधरा खेळाडूंचा रग्बी युनियन हा खेळ शतकभर हौशी म्हणून मिरवला. खेळाडूने मानधन घेणे हा तेथे अपराध मानला जाई. २६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय मंडळाने हे बंधन उठवले आणि त्याच वर्षी हायनेकेन चषक ही युरोपीय क्लबांची स्पर्धा सुरू झाली. स्पर्धेला नाव मद्य-कंपनीचे, चालक निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय संघटना आणि मैदानात उतरणारे क्लब मात्र काही देशांत खासगी मालकीचे, तर काही देशांत संघटनेच्याच मालकीचे, अशी ही विषम रचना होती. पुढील सर्व वादांचे बीज या विषमतेत आहे.

इंग्लंड आणि फ्रान्समधील क्लब स्वतंत्र होते. खेळाडूंचे वेतन त्यांच्या मालकांच्या खिशातून जाई. देशांतर्गत साखळीत तळाला गेल्यास खालच्या श्रेणीत घसरण्याची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर असे आणि युरोपीय स्पर्धेतील प्रवेश त्याच साखळीतील क्रमांकावरून ठरे. आयर्लंडचे चार प्रांतिक संघ मात्र त्या देशाच्या संघटनेचे होते. प्रमुख खेळाडूंचे करार संघटनेशी होत. आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि इटली यांची जी संयुक्त साखळी होती तीत अवनती नव्हती. स्कॉटलंड आणि इटली यांचे प्रत्येकी दोनच व्यावसायिक संघ होते आणि युरोपीय स्पर्धेत त्यांना जागाही प्रत्येकी दोनच होत्या. साखळीत शेवटचा क्रमांक आला तरी प्रवेश पक्का होता.

परिणाम उघड होता. प्रवेशाची चिंता नसलेला संघ घरच्या साखळीत मुख्य खेळाडूंना विश्रांती देऊन ताजेतवाने मनुष्यबळ युरोपीय सामन्यांसाठी राखू शकत होता. इंग्लिश व फ्रेंच क्लबांना ही चैन परवडत नव्हती. २००६ ते २०१२ या सात वर्षांत पाच वेळा विजेतेपद आयर्लंडच्या मन्स्टर व लेन्स्टर या प्रांतांकडे गेले. त्याचे सारे श्रेय रचनेला देणे त्या खेळाडूंवर अन्यायाचे होईल. तथापि इंग्लिश व फ्रेंच क्लबांची तक्रार निराधार नव्हती. शिवाय उत्पन्नाच्या वाटणीत या दोन देशांच्या वाट्याला प्रत्येकी सुमारे २४ टक्के आणि उरलेल्या चार देशांच्या वाट्याला मिळून सुमारे ५२ टक्के येत. सर्वांत मोठी बाजारपेठ ज्यांची, त्यांना निम्म्याहून कमी वाटा, हे गणित क्लबमालकांना मान्य नव्हते.

जून २०१२ मध्ये इंग्लिश व फ्रेंच क्लबांनी करारातून बाहेर पडण्याची सूचना दिली. त्याच वर्षी इंग्लिश क्लबांनी बीटी या दूरसंचार कंपनीशी १५ कोटी २० लाख पौंडांचा करार केला, तर स्पर्धेच्या चालकांनी स्काय या जुन्या वाहिनीशी करार वाढवला. एकाच स्पर्धेचे सामने दोन वाहिन्यांना विकले गेले होते. क्रीडातत्त्वाचा म्हणून मांडला गेलेला वाद प्रत्यक्षात प्रक्षेपणहक्क कोणाच्या मालकीचे, या प्रश्नावर येऊन थांबला होता. एप्रिल २०१४ मध्ये तडजोड झाली. जुनी संस्था जाऊन स्वित्झर्लंडमध्ये मुख्यालय असलेली नवी संस्था आली. संघसंख्या २४ वरून २० झाली. उत्पन्न तिन्ही साखळ्यांत समान तृतीयांश वाटले जाऊ लागले, संयुक्त साखळीतील सात जागा मुख्यतः क्रमांकावर ठरू लागल्या आणि दोन्ही वाहिन्यांना सामने वाटून देण्यात आले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तक्रार मान्य झाली म्हणून क्लबांची युरोपीय स्पर्धेवरील निष्ठा वाढली, असे झाले नाही. अनेक फ्रेंच क्लब आजही ब्रेनुस ढालीला, म्हणजे देशांतर्गत विजेतेपदाला, अधिक मान देतात आणि अवनतीच्या छायेतील क्लब परदेशातील सामन्याला दुय्यम संघ पाठवतो. २०२२-२३ पासून दक्षिण आफ्रिकेचे संघ या स्पर्धेत आले. प्रक्षेपणाची बाजारपेठ रुंदावली, परंतु प्रवासाचा भार इतका वाढला की एप्रिल २०२४ मध्ये प्रिटोरियाच्या बुल्स संघाने नॉर्थॅम्प्टन येथील उपांत्यपूर्व सामन्यासाठी बरेचसे मुख्य खेळाडू मायदेशीच ठेवले. संघसंख्या पुन्हा २४ झाली असून साखळी फेरीतून १६ संघ पुढे जात असल्याने प्रारंभीच्या पराभवाची किंमतही घटली. अधिक सामने, अधिक प्रक्षेपण आणि प्रत्येक सामन्याला कमी अर्थ, असे हे समीकरण आहे.

या इतिहासातून संघाच्या प्रेरणेविषयी जे दिसते ते असे. बक्षिसाची रक्कम ही प्रेरणेची एक बाजू झाली. हरल्यास काय गमवावे लागेल, संघाचा वार्षिक खर्च नेमका कोणत्या स्पर्धेच्या उत्पन्नातून भागतो आणि त्या स्पर्धेचे नियम ठरवताना संघाला बोलण्याचा अधिकार आहे काय, या बाबी त्याहून निर्णायक ठरतात. महाराष्ट्रातील कबड्डीकडे याच दृष्टीने पाहिले असता चित्र बरेच निराळे दिसते.

मंडळ, नोकरी आणि जिल्हा

कबड्डीला नियमबद्ध रूप मिळाले ते प्रामुख्याने मराठी व गुजराती व्यायामसंस्थांच्या प्रयत्नांतून. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम प्रसिद्ध करून अखिल भारतीय पातळीवरील स्पर्धा भरवली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डी होती. स्वातंत्र्यानंतर संघटनेच्या उभारणीत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा वाटा इतका मोठा की त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

या खेळाचा पाया म्हणजे मंडळ. मुंबईच्या गिरणगावातील चाळींत, पुण्याच्या पेठांत आणि उपनगरांत, रायगड-रत्नागिरीच्या वाड्यांत, नाशिक-अहिल्यानगरच्या गावांत मंडळ हे व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि कबड्डी यांचे मिळून एक घर असते. दादरचा विजय क्लब, मुंबईचा अंकुर स्पोर्ट्स क्लब, महिलांत शिवशक्ती आणि डॉ. शिरोडकर, पुण्याचे सुवर्णयुग आणि राजमाता जिजाऊ ही नावे राज्यातील क्रीडारसिकांना परिचित आहेत. मंडळाला मालक नसतो. खर्च वर्गणीतून, स्थानिक व्यापाऱ्यांच्या देणगीतून आणि, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, राजकीय पुढाऱ्यांच्या आश्रयातून भागतो. स्पर्धेच्या कमानीवर नगरसेवकाचे छायाचित्र असते आणि सर्वोत्तम खेळाडूला दुचाकी मिळते. म्हणजे व्यापारी व राजकीय हितसंबंध मंडळाच्या कबड्डीतही होतेच. ते एका गल्लीपुरते किंवा फार तर एका मतदारसंघापुरते मर्यादित होते, एवढेच.

खेळाडूची वाट या मंडळातूनच जाते. किशोर, कुमार आणि वरिष्ठ अशा गटांतून त्याची नोंद जिल्हा संघटनेकडे होते. जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद आणि राष्ट्रीय अजिंक्यपद अशी ही शिडी आहे. या शिडीच्या टोकाला पूर्वी रोख रक्कम नव्हती, नोकरी होती. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र, मुंबई बंदर यांच्या संघांत निवड झाली की कुटुंबाचा प्रश्न सुटे. राज्य शासनाच्या सेवेतील ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा आधारही याच शिडीला मिळाला. निमंत्रित स्पर्धांत या कंपन्यांच्या संघांसाठी स्वतंत्र व्यावसायिक गट ठेवण्याची पद्धत रूढ झाली, ती स्थानिक मंडळांना बरोबरीचे सामने मिळावेत म्हणून. व्यावसायिक हा शब्द येथे नोकरीच्या अर्थाने वापरला गेला हे विशेष.

या व्यवस्थेत मंडळाची प्रेरणा समजण्यास सोपी होती. जिल्हा स्पर्धेत लवकर हरणाऱ्या मंडळाचा खेळाडू निवड समितीच्या नजरेस पडत नाही, नजरेस न पडलेल्याला नोकरी लागत नाही आणि ज्या मंडळातून कोणाला नोकरी लागत नाही तेथे पुढील वर्षी किशोरवयीन मुले येत नाहीत. रग्बीतील अवनतीचे काम येथे हा सामाजिक क्रम करीत असे. त्याला नियमपुस्तिकेची गरज नव्हती.

प्रो कबड्डीची रचना

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईतील वरळी येथे यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ झाला. आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीने, राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेने आणि स्टार वाहिनीच्या सहकार्याने ती उभी केली होती. आठ शहरांचे आठ संघ, मातीऐवजी मॅट, प्रकाशझोत, चढाईवर तीस सेकंदांचे घड्याळ आणि तिसऱ्या चढाईत गुण मिळवण्याची सक्ती यांमुळे खेळ दूरचित्रवाणीला साजेसा झाला. पहिल्याच हंगामाला सुमारे ४३.५ कोटी प्रेक्षक लाभल्याचे त्या वेळी जाहीर झाले. हा आकडा देशात क्रिकेटच्या आयपीएलखालोखाल होता. २०१५ मध्ये स्टार इंडियाने मशाल स्पोर्ट्सचे ७४ टक्के भागभांडवल घेतले. २०१७ पासून संघसंख्या बारा झाली.

खेळाडूंच्या उत्पन्नातील वाढ थक्क करणारी आहे. २०१४ च्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारसाठी १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ मध्ये मोनू गोयतसाठी ती १ कोटी ५१ लाखांवर गेली आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजारांवर. ज्या खेळाडूला दहा वर्षांपूर्वी बँकेतील लिपिकाची जागा हे परमोच्च ध्येय होते, त्याच्या दृष्टीने ही क्रांतीच होय. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि संघाच्या रचनेकडे पाहिले असता युरोपीय रग्बीशी असलेला भेद ठळक होतो. येथील संघ हे क्लब नाहीत, फ्रँचायझी आहेत. यू मुंबा हे मुंबईतील कोणत्याही मंडळाचे वाढलेले रूप नाही. पुणेरी पलटण पुण्याच्या कोणत्याही व्यायामशाळेतून निघालेली नाही. अवनती नाही, बढती नाही. बाराव्या क्रमांकाचा संघ पुढील हंगामात पुन्हा शून्यावरून उभा राहतो आणि राज्य अजिंक्यपद जिंकणारे मंडळ लीगमध्ये कधीही प्रवेश करू शकत नाही. खेळाडूंवरील खर्चाला मर्यादा आहे (दहाव्या हंगामात ती प्रत्येक संघाला ५ कोटी रुपये होती) आणि ठराविक हंगामांनंतर बहुतेक खेळाडू पुन्हा लिलावात जातात. यामुळे बलाबल सारखे राहते. पहिल्या बारा हंगामांत आठ वेगवेगळे विजेते झाले, हे या रचनेचे निर्विवाद यश आहे. इंग्लंडमध्ये वेतनमर्यादा मोडल्याबद्दल सारासेन्स या बलाढ्य क्लबला २०१९-२० मध्ये गुण कापून खालच्या श्रेणीत पाठवावे लागले आणि २०२२-२३ च्या सुमारास वुस्टर, वास्प्स व लंडन आयरिश हे तीन क्लब आर्थिक ओझ्याने कोसळले. त्या मानाने येथील खर्चाची शिस्त उजवी ठरते.

प्रश्न निराळा आहे. प्रक्षेपण करणारी कंपनी आणि स्पर्धेची बहुसंख्य मालकी असलेली कंपनी एकच असेल, तर हक्कांचे मूल्य कोणी ठरवावे? २०२१ मध्ये खुल्या लिलावातून पाच हंगामांचे प्रक्षेपणहक्क ९०८ कोटी ७० लाख रुपयांना स्टार इंडियाकडेच गेले. युरोपात क्लब, संघटना आणि वाहिन्या हे तिघे परस्परांविरुद्ध उभे राहिले म्हणून वाटणीचे आकडे चव्हाट्यावर आले आणि बदलले. येथे फ्रँचायझी-मालकांना वाटणीविषयी बोलण्याची काही तरी जागा आहे. ज्या मंडळाने खेळाडू घडवला त्याला ती मुळीच नाही.

गुणतक्ता आणि इच्छाशक्ती

रचनेतून इच्छाशक्ती कशी घडवली जाते याचे एक सूक्ष्म उदाहरण गुणपद्धतीत आढळते. रग्बीत विजयाला चार गुण असतात, चार ट्राय केल्यास एक जादा गुण असतो आणि सात वा त्याहून कमी फरकाने हरणाऱ्या संघालाही एक गुण मिळतो. फ्रेंच साखळीत हा फरक पाचचा आहे. हरत असलेल्या संघाने शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजावे, हा हेतू. प्रो कबड्डीने नेमका हाच मार्ग घेतला होता. विजयाला पाच, बरोबरीला तीन आणि सात वा कमी गुणांच्या फरकाने झालेल्या पराभवाला एक गुण. त्यामुळे आठ-नऊ गुणांनी मागे असलेला संघ अखेरच्या दोन मिनिटांत जिंकण्यासाठी नव्हे, तर फरक सातवर आणण्यासाठी खेळे आणि पुढे असलेला संघ चढाईत वेळ काढी. बरोबरीचे तीन गुण दोघांनाही पुरेसे वाटल्यास अखेरची चढाई निरुपद्रवी होई. प्रेक्षकाला हे खटकत असे.

२०२५ च्या बाराव्या हंगामात ही पद्धत रद्द झाली. विजयाला दोन गुण, पराभवाला शून्य आणि बरोबरी झाल्यास पाच-पाच चढायांचा निर्णायक टप्पा, अशी सोपी व्यवस्था आली. परंतु त्याच हंगामात बारापैकी आठ संघांना बाद फेरीची दारे उघडली गेली. एका हाताने प्रत्येक सामन्याची किंमत वाढवली आणि दुसऱ्या हाताने साखळी फेरीची कमी केली. युरोपीय रग्बीत २४ पैकी १६ संघ पुढे नेण्यामागे जे कारण होते तेच येथेही संभवते. मोठ्या शहराचा संघ लवकर बाहेर पडला की त्या शहरातील प्रेक्षक वाहिनी बदलतो.

घरचे मैदान

युरोपात क्लबची ओळख मैदानाशी जडलेली असते. घरी हरणे ही नामुष्की मानली जाते आणि तिकीटविक्रीचे उत्पन्न थेट क्लबकडे येते. प्रो कबड्डीत प्रारंभी प्रत्येक शहरात सामने होत. करोनाकाळातील आठवा हंगाम बंगळुरूतील एका हॉटेलात, प्रेक्षकांविना पार पडला. ते अपरिहार्यच होते. दहाव्या हंगामात स्पर्धा पुन्हा बारा शहरांत फिरली. अकराव्या हंगामात ती हैदराबाद, नोएडा व पुणे या तीनच ठिकाणी झाली आणि बाराव्या हंगामात विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई व दिल्ली येथे. म्हणजे २०२५ मध्ये यू मुंबा आणि पुणेरी पलटण या दोन्ही संघांनी महाराष्ट्रात एकही सामना न खेळता हंगाम पूर्ण केला. पुणेरी पलटण तर त्या वर्षी अंतिम फेरीत पोहोचून दिल्लीकडून हरली. पुण्याचा संघ अंतिम सामना खेळत असताना पुणेकराला तो पडद्यावरच पाहता आला.

वाहतूक, निवास व प्रक्षेपणसामग्री यांचा खर्च पाहता व्यवस्थापनाचा निर्णय हिशेबाला धरून आहे. पण फ्रँचायझीची प्रेरणा कोणाच्या साक्षीने घडते याचेही उत्तर त्यात आहे. प्रायोजकाला पडद्यावरचा प्रेक्षक हवा असतो, तो कोठे बसला आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

मंडळाचा वाटा

सिद्धार्थ देसाई याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा हा चढाईपटू. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथे रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असे नमवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्या संघात तो होता. त्या वर्षी यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना. म्हणजे लीगने त्याला पैसा दिला, पण त्याला शोधले ते गाव, जिल्हा आणि राज्य या जुन्या शिडीने. दहावा हंगाम जिंकणाऱ्या पुणेरी पलटणचा कर्णधार अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि त्याचा सहकारी, नाशिकचा आकाश शिंदे, हे दोघेही २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आशियाई सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. त्यांचीही जडणघडण लीगच्या बाहेर सुरू झाली.

लिलावात लागलेली बोली हे खेळाडूचे मानधन असते. तीतून त्याच्या पहिल्या मंडळाला नियमाने ठरलेला हिस्सा मिळत नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २००१ पासून अशी तरतूद केली आहे की, एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या हस्तांतरणाच्या रकमेपैकी ५ टक्के रक्कम खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटली जावी. रग्बीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही प्रशिक्षणाच्या भरपाईची सोय आहे. फ्रान्सने २०१० पासून निराळा उपाय योजला. आपल्या देशातील प्रशिक्षणकेंद्रांत ठराविक काळ घडलेले खेळाडू सामन्याच्या संघात किमान संख्येने असावेत असा नियम करून त्याला आर्थिक लाभाची जोड दिली. त्यामुळे मोठ्या क्लबलाही तळाशी गुंतवणूक करणे फायद्याचे ठरले.

महाराष्ट्रात याचा अभाव कसा जाणवतो हे वेळापत्रकावरून कळते. मंडळांच्या निमंत्रित स्पर्धांचा मुख्य हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. लीगचा आठवा हंगाम डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ आणि दहावा हंगाम २ डिसेंबर २०२३ ते १ मार्च २०२४ असा झाला. म्हणजे ज्या महिन्यांत मंडळाला आपल्या नामवंत खेळाडूची सर्वाधिक गरज असते त्याच महिन्यांत तो करारबद्ध असतो. परत आल्यावरही दुखापतीची भीती त्याला मातीवरील सामन्यापासून दूर ठेवते, आणि त्याला दोष देता येत नाही. कोटीची बोली लागलेल्या गुडघ्याने दुचाकीसाठी पकड का करावी? नामवंत खेळाडू नाही म्हणून गर्दी घटते, गर्दी घटली म्हणून स्थानिक प्रायोजक हात आखडता घेतो. लीगच्या उत्पन्नातून या चक्राची भरपाई होत नाही.

काही फ्रँचायझींनी स्वतःचे युवा संघ उभारले आहेत, पुणेरी पलटणची युवा पलटण त्यांपैकी एक. हा उपक्रम स्वागतार्ह असला तरी तो मंडळाला पर्याय देतो, आधार देत नाही. अकादमीत जाणारा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असतो. दहाव्या वर्षी त्याला अंगणातून उचलून मैदानात आणणारा माणूस मंडळाचाच असतो आणि तो बहुधा विनावेतन काम करतो.

महिला कबड्डीची स्थिती याहून बिकट आहे. शिवशक्तीसारख्या संघांची परंपरा आणि अभिलाषा म्हात्रे हिच्यासारख्या अर्जुन पुरस्कारप्राप्त खेळाडू असूनही महिलांसाठी लीगने २०१६ च्या उन्हाळ्यात तीन संघांची एक छोटी स्पर्धा तेवढी घेतली आणि ती पुढे चालू ठेवली नाही. महिला खेळाडूंची शिडी आजही नोकरीपाशीच संपते.

महासंघाची अवस्था आणि उपायाची दिशा

मंडळांची बाजू मांडण्याची जबाबदारी खरे पाहता राष्ट्रीय महासंघाची. परंतु २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या दीर्घकालीन नेतृत्वाविरुद्ध निर्णय देऊन प्रशासक नेमला आणि पुढील अनेक वर्षे महासंघ न्यायालयीन देखरेखीखाली राहिला. ज्या काळात लीगचे प्रक्षेपणहक्क विकले गेले त्याच काळात मंडळांच्या वतीने बोलू शकणारी निवडून आलेली राष्ट्रीय संस्था अस्तित्वात नव्हती. इंग्लिश व फ्रेंच क्लबांनी एकत्र येऊन करार मोडण्याची धमकी दिली तेव्हा त्यांच्या हाती खेळाडूंचे करार होते. मंडळाच्या हाती खेळाडूचा कोणताही करार नसतो, बहिष्काराचे अस्त्रही नसते.

फुटबॉलचे प्रमाण येथे लावून पाहिल्यास हिशेब फार मोठा निघत नाही. बारा संघांची प्रत्येकी ५ कोटींची मर्यादा धरल्यास खेळाडूंवरील एकूण खर्च हंगामाला ६० कोटी होतो. त्याचा ५ टक्के हिस्सा ३ कोटी रुपये. देशभरातील मंडळांत विभागल्यास एकेका मंडळाच्या वाट्याला येणारी रक्कम माफक असेल, पण मॅटचा एक संच, प्रशिक्षकाचे मानधन किंवा किशोर गटाच्या प्रवासाचा खर्च तीत भागू शकेल. प्रक्षेपणहक्कांचा २०२१ चा करार पाच हंगामांपुरता होता, तेव्हा अशी तरतूद पुढील करारातच घालणे सोयीचे आहे.

तीत खरी अडचण पैशाची नाही, कागदाची आहे. कोणता खेळाडू किशोर गटात कोणत्या मंडळाकडून खेळला, तेथे किती हंगाम राहिला आणि कधी दुसरीकडे गेला, याची सलग आणि पडताळता येईल अशी नोंद असल्याखेरीज हिस्सा कोणाला द्यावा हे ठरणार नाही. एकच मुलगा एका वर्षी दोन मंडळांच्या यादीत असणे, निमंत्रित स्पर्धेपुरता उसना खेळाडू घेणे, नोकरी लागताच जिल्हा बदलणे या गोष्टी आजवर चालून गेल्या, कारण त्यांवर कोणाचे पैसे अवलंबून नव्हते. ही नोंद जिल्हा संघटनेच्या कार्यालयातच ठेवली जाऊ शकते आणि तिची सुरुवात किशोर गटाच्या निवड चाचणीच्या दिवशी, वयाच्या दाखल्याबरोबर, करता येते.